शेवटी पाणी लागलं

ती. बाबा,

नमस्कार. आधी गुडघ्याचं खरं खरं कळवा, मग माझं ऐका.

तेल बंद झालं की तुझं काय, असं तुम्ही विचारलंत. अहो, आमची कंपनी आता तेलाच्या विहिरी खोदायच्या त्याच यंत्रांनी गरम पाण्यासाठी विहिरी खोदतेय. खालून वाफ येते, तिच्यावर वीज करायची.

काल गंमतच झाली. पाइपातून पाणी उसळलं आणि आमचे म्हातारे मिस्त्री डोक्याला हात लावून बसले. "पाणी लागलं! मेहनत वाया!" तेलाच्या विहिरीत पाणी लागलं की सगळं मुसळ केरात, ही जन्माची सवय. माझाही चेहरा पडला. मग कुणीतरी ओरडलं, "अहो, पाणीच तर हवं होतं!"

गार झाल्यावर मी ते थेंबभर चाखलं. खारट! किती वर्षं तापत असेल हो ते खाली? आई अजून गॅसवरच पाणी तापवते ना?

या कामाला माणसं कमी लागतात. मला ठेवलंय, आईला एवढंच सांगा. मिस्त्रींना नाही ठेवलं. जाताना त्यांनी त्या पाण्याची बाटली भरून घेतली. म्हणाले, "घरी विचारतील, शेवटी काय लागलं म्हणून."

तुमची,
धाकटी