घासलेली मुलगी

४ नोव्हेंबर
कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात रविवारी दुपारी मी आणि ताई पाठीला पाठ टेकवून वाचत बसायचो. एकीला हसू आलं की दुसरीला पाठीतून कळायचं. आज ताईच्या घरात पाऊल टाकलं आणि तेच आठवलं. समोरच्या फळीवर ब्राँझच्या दोन मुली गुडघे पोटाशी घेऊन बसल्यात आणि त्यांच्या पाठींच्या आधारानं पुस्तकं उभी आहेत. बुकएंड म्हणतात यांना. ताईनं असल्या जुन्या जोड्यांनी घर भरलंय, घुबडं काय, घोडे काय. पण या दोघींवर तिचा विशेष जीव.

माझी ट्रंक उचलताना तिनं विचारलं, यात दगड भरलेस का? मी म्हटलं, कायमची राहायला आलेय, जड असणारच. तिचे यजमान गेले, माझे कधी झालेच नाहीत. आता दोघींनाच एकमेकींची सोबत. फार बरं वाटतंय.

७ नोव्हेंबर
ताई दात दाखवायला गेली होती. तिला चकित करावं म्हणून डावीकडची मुलगी लिंबू-मिठानं घासली. शाळेत सिस्टर आमच्याकडून पितळी मेणबत्तीदाण्या आरशासारख्या करून घ्यायच्या. हात अजून विसरलेले नाहीत. काळपट हिरवा थर निघाला आणि पाठ गुलाबी-सोनेरी झाली.

ताई आली, बघून खुर्चीत बसली. रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, अगं, तो मळ नव्हता, कितीतरी वर्षांत चढलेला रंग होता, सगळी शोभा त्याचीच. मग माझं तोंड बघून म्हणाली, असू दे, मदर सुपीरियर, उजवीला तेवढं जिवंत ठेव.

९ नोव्हेंबर
ही जोडी ज्यानं विकली त्या दुकानदाराकडे मुलगी नेली. त्यानं हात लावला आणि लगेच काढून घेतला. म्हणाला, बाई, तुम्ही हिची कातडी सोललीत. नवा रंग चढवून द्याल का म्हटलं, तर म्हणाला, बाकीच्यांना चढवतो, हिला नाही. मागेही एका मालकिणीनं घासली होती. तेव्हा या मुलीनं आपला रंग आपणच मिळवला.
कुठून, ते सांगेना. घरात आणखी कोण असतं, एवढंच विचारलं.

१२ नोव्हेंबर
ताईच्या पाठीला तेल लावत होते. सुरकुत्या नाहीत. कातडी गुळगुळीत, गुलाबी-सोनेरी. ताई म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे, दुकान काढ. पण पाठ गार होती. आणि मानेखालचा तीळ, लहानपणापासूनचा, नाहीसा झालाय.
तो तीळ आता फळीवरच्या मुलीच्या मानेखाली आहे.

१५ नोव्हेंबर
ताईला टोचताना डॉक्टरांची सुई वाकली. उद्या येतो म्हणाले आणि बॅग उचलून निघाले. ताईला वाकता येत नाही. मुलीची पाठ काळवंडलीय, तिच्यावर सुरकुत्या आल्यात. ताईच्याच.
मुलगी पिशवीत घालून पुलावर गेले. कठड्यावर ठेवली, तोच शेजारणीचा फोन आला, ताई गुदमरतेय. परत आणली तेव्हा ताईला श्वास घेता आला.

१६ नोव्हेंबर
डॉक्टर फिरकले नाहीत. मुलीला पुन्हा घासलं. लिंबू, राख, शेवटी नखं. काही निघत नाही. ताई म्हणते, दुखत नाही गं, तू रडू नकोस. तिचा आवाज भांड्यातून आल्यासारखा—

१७ नोव्हेंबर
दुकानदाराच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी त्यानं दार न उघडता आतूनच सांगितलं, जिनं घासलं तिनं आपली कातडी आपणहून देऊ केली तर मुलगी ती बदलून घेते. पण असं कुणी करत नाही, बाई.
मी करते. मागच्या मालकिणीनं काय केलं कुणास ठाऊक—

१८ नोव्हेंबर
मुलीला मांडीवर घेतलं. म्हटलं, तिचं परत दे, माझं घे.
दुपारी ताईनं चहा मागितला. आपल्या आवाजात. कूस बदलली. तीळ जागेवर आहे, मी दोनदा पाहिला—

१९ नोव्हेंबर
पाय जड. डावा हात चकाकतोय. उजव्या हातानं लिहितेय, तो चालतोय तोवर—
पुस्तकं शाळेला. घड्याळ भाचीला. साड्या शेजारणीला, तिनं फोन केला म्हणून. दोन्ही मुली कुणालाच नाहीत, आहेत तिथेच—
आणि मी ताईला. ताई, मला खिडकीपाशी ठेव. अंगावर थर चढेल, चढू दे. घासू न