वाढत्या मापाचा पट्टा

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की पत्रात आधी समोरच्याची चौकशी करावी, मग आपलं रडगाणं गावं. तर तुझा नवा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? जावईबापूंनी काठी आणून दिली आणि तू ती कपडे वाळत घालायला वापरतेस, असं भाचीने फोनवर सांगितलं. बरं केलंस.

तुझी मांजरी सुखरूप आहे. (हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.)

तिला माझ्याकडे सोपवताना तू बजावलं होतंस, पट्टा घाल, नाहीतर बेवारशी समजून कोणीतरी उचलून नेईल. आता तीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाने पट्टा विकत आणायचा म्हणजे लाजच. ती झोपलेली असताना मानेचं माप घेतलं, कोटाच्या कॉलरचं उरलेलं जाड कापड काढलं, दुहेरी टीप मारली, वर पोलादी बक्कल. तुझी भावजय म्हणाली, "गिऱ्हाइकं ताटकळलीत आणि इथे मांजराचा सूट चाललाय." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आणि सवयीने (आपले लहानपणचे सगळे कपडे आठव) वाढतं माप म्हणून दोन इंच जास्त ठेवले. मांजरी पाच वर्षांची आहे, आता ती कुठे वाढणार, हे काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने त्या ढिल्या पट्ट्यातून पुढचा पाय घातला, तशीच खिडकीवर चढली आणि बक्कल गजाच्या आकड्यात अडकलं. ताई, ती लटकत होती. मी पट्टा ओढला, पण शिलाई माझी, ती कशाला उसवते? देवाकडे मी सहसा काही मागत नाही, सकाळी डोळे मिटून नुसता बसतो. त्या वेळी मात्र मागितलं, माझ्या हातची एक टीप तरी कच्ची निघू दे. निघाली नाही. शेवटी कात्री हाताला लागली.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. काखेत थोडं खरचटलं होतं, तेवढंच. मग पट्टा बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "काम सुरेख आहे. घरात घोडा आहे का?" नंतर समजावलं, की पट्टा आणि मान यांत दोन बोटं मावावीत, जास्त नको, कमी नको, आणि ताण पडला की आपोआप सुटेल अशी कळ हवी.

तशी कळ आणून नवा शिवला, हलका. आठवड्यातून दोनदा ती तो कुठेतरी टाकून येते. परवा कुंपणाच्या तारेला लोंबत होता. माझं शिवलेलं सुटलं की आजवर मान खाली जायची. त्या तारेपुढे मात्र मी हात जोडून उभा राहिलो.

तब्येतीस जप.

तुझा धाकटा

ता. क. डॉक्टरबाई म्हणतात, पट्ट्यावर फोन नंबर हवा. जागा एकाच नंबरापुरती आहे. पुढच्या महिन्यात तू तिला न्यायला येणार, म्हणजे तुझाच घालायला हवा, हे कळतं मला.

पुन्हा ता. क. लेक परगावी गेल्यापासून घरात फक्त मशीनचा आवाज होता. हल्ली तुझी भावजय दिवसभर कोणाशी तरी भांडत असते, आणि तो कोणी मी नसतो.

आणखी एक. नंबर माझा भरलाय, लाल दोऱ्याने. तुला विचारावं म्हणूनच पत्र लिहायला बसलो होतो, पण सुई ओवलेली होती. नाही म्हणायचं असेल तर पत्रानेच कळव. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी कशालाही हो म्हणून बसतो.