वजनमाप कार्यालयातील उलट्या रॅकबाबत

प्रति,
मा. नियंत्रक,
वजनमाप कार्यालय,
मुख्य इमारत, तळमजला.

विषय : आवक शाखेतील पत्र्याचे रॅक उलटे बसवून त्याचा आधार कापून टाकल्याबाबत, आणि त्याचे खापर माझ्या रचनेवर फोडणारे वाक्य अहवालातून काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे सर्व अर्ज व त्यांना आलेली आपली सर्व उत्तरे, ज्यांपैकी एकही विषयाला धरून नाही.

महोदय,

मी खाली सही करणारा, पत्राकामाचा कारखानदार, आपणांस सविनय कळवतो की या अर्जात जेवढा विनय आहे तेवढा या ओळीतच वापरून झाला आहे. पुढे कमी पडल्यास क्षमा असावी.

१. आवक शाखेच्या खिडकीमागे भिंतीला लागून जे करड्या रंगाचे रॅक उभे आहे, ते माझ्या कारखान्यात तयार झाले. जप्त केलेली खोटी वजने, जुने तराजू आणि नमुन्याची लोखंडी वजने लोकांना दिसावीत आणि नीट साठवलीही जावीत, अशी आपल्या कार्यालयाची मागणी होती. असे काम सांगितले की बहुतेक जण जाड पत्रा घेतात आणि मोकळे होतात. मी तसे करत नाही. पत्र्याची ताकद जाडीत कमी आणि घडीत जास्त असते. आपली खात्री पटत नसली तर आपण हाच कागद एका टोकाला धरून पाहावा, तो खाली लोंबेल. मग त्याच्या दोन्ही कडा बोटभर दुमडून पुन्हा धरावा, तो ताठ उभा राहील. कागद तोच आहे, वजन तेच आहे. दुमडून झाल्यावर कृपया पुढचे वाचण्यासाठी तो पुन्हा सरळ करावा.

२. त्या रॅकच्या प्रत्येक फळीच्या चारही कडा मी खालच्या बाजूला दुमडल्या होत्या आणि फळीच्या पोटाखाली मधोमध एक वाकवलेली पट्टी वेल्डिंगने जोडली होती. वर वजन ठेवले की खालची कड ताणली जाते, आणि ताणलेला पत्रा सहसा दगा देत नाही. हीच फळी उलटी केली, की तीच कड वर येते आणि दाबली जाते. दाबलेली मोकळी कड आधी लहरते, मग मुडपते, आणि त्यानंतर फळीवर जे काही असेल ते खाली जे कोणी असेल त्याच्याकडे जाते. हे मी रॅक पोचवताना तोंडी सांगितले होते. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली होती.

३. पुढे काय झाले ते आपणांस बहुधा कोणी सांगितले नसेल, कारण त्या वेळी आपण या पदावर नव्हता. आपल्या आधीच्या साहेबांनी मोठ्या पाहुण्यांना बोलावून प्रदर्शन भरवले. आदल्या दिवशी गोल वजने फळीवर मांडली तर ती घरंगळू लागली. एखाद्याने पुढे काठीएवढी पट्टी लावली असती. आपल्या मुख्य लिपिकांनी सगळ्या फळ्या उलट्या बसवल्या, म्हणजे दुमडलेली कड वर येऊन कठड्यासारखी झाली. सगळ्यांनी त्यांच्या हुशारीचे कौतुक केले. पण आता मधली पट्टीही वर आली आणि तिच्यावर तराजू डुगडुगू लागले. म्हणून ग्राइंडर मागवून ती पट्टी साफ कापून काढली, वर रंग मारला आणि हिरवे कापड अंथरले. माझ्या कारखान्याच्या नावाची पत्री पट्टी मात्र पुढच्या कडेवर तशीच राहिली. ती आता उलटी आहे. आपल्या खिडकीवर येणारा प्रत्येक माणूस मान वाकडी करून माझे नाव वाचतो, पण रॅक उलटे आहे असे आजवर कार्यालयातल्या कोणाच्याही डोक्यात आले नाही.

४. प्रदर्शन संपले. रॅक हलवायला जड म्हणून तिथेच राहिले. आवक शाखेला जागा कमी पडत होती, तेव्हा रॅकचे खालचे दोन कप्पे काढले आणि त्या पोकळीत एक खुर्ची सरकवली. म्हणजे उभ्या खांबांना एकत्र धरून ठेवणारे दोन कप्पे काढून त्या जागी माझी मुलगी बसवली. होय साहेब, आपल्या आवक लिपिक या माझ्या कन्या. त्या परीक्षा देऊन लागल्या आहेत, माझ्या ओळखीने नाही. आपल्या कार्यालयात माझी ओळख कशी आहे ते वर आलेच आहे.

५. मी पहिला अर्ज केला तेव्हा त्यात 'वजन' हा शब्द होता, एवढ्यावरून तो ग्राहकांच्या तक्रारींत गेला. आपले निरीक्षक माझ्याच कारखान्यावर चौकशीला आले. मी वजनाने काहीच विकत नाही, तरी त्यांनी सगळीकडे शोध घेतला, 'वजनकाटा आढळून आला नाही' असा पंचनामा केला आणि माझी तक्रार निकाली काढली. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या अर्जात मी एवढेच विचारले, की त्या फळीवर सध्या एकूण किती वजन आहे. उत्तर आले, 'सदर फळीवरील वजनांचे वजन या कार्यालयास ज्ञात नाही.' हे उत्तर मी कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवले. धाकट्या भावाने वेल्डिंगचा चष्मा काढून ते पुन्हा वाचले आणि म्हणाला, "दादा, हे चौकटीत लावू या." मला हसू आले नाही.

तिसऱ्या अर्जाला आलेले उत्तर अधिक स्पष्ट होते. 'अद्याप कोणतीही दुर्घटना घडलेली नसल्याने अर्ज मुदतपूर्व आहे. दुर्घटना घडल्यास विहित नमुन्यात पुनश्च अर्ज करावा.' हे ज्याने लिहिले त्याला मुले आहेत की नाहीत, हे मला जाणून घ्यायचे आहे. मी स्वखर्चाने नवीन फळ्या बनवून ठेवल्या आहेत, त्या कारखान्यात पडून आहेत. त्या तुम्हाला फुकट घेता येत नाहीत, कारण ती देणगी होते आणि देणगी समिती गेल्या कित्येक महिन्यांत बसलेली नाही. रॅकखाली बसायला मात्र कोणत्याच समितीची मंजुरी लागत नाही.

६. एवढ्या हातघाईनंतर आपण पाहणी समिती नेमली, याबद्दल मी आपले आभार मानले होते. ते आभार मी या अर्जाद्वारे परत घेतो. समिती आली, चहा प्याली, मुख्य लिपिकांनी फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, "आवाज तर चांगला येतोय." कापड कोणी उचलले नाही. ते उचलले असते तर ग्राइंडरचे ओरखडे शेंबड्या पोरालाही दिसले असते. जनतेसाठी 'रॅकजवळ उभे राहू नये' असा फलक खिडकीच्या बाहेरच्या बाजूला लागला. आतल्या बाजूला बसणाऱ्यांसाठी काही नाही, कारण कर्मचारी जनतेत मोडत नाहीत. आणि मग अहवालात ते वाक्य आले, 'फळीस आलेला बाक हा मूळ रचनेचाच भाग असल्याचे दिसते.' खाली आपली सही आहे.

साहेब, माझ्या फळीला बाक नसतो. एवढी वर्षे मी पत्रा वाकवतोय. मी वाकवतो तिथेच तो वाकतो, दुसरीकडे नाही.

७. हा केवळ माझ्या अब्रूचा प्रश्न असता तर मी अपमानाचा घोट गिळून गप्प बसलो असतो. निदान घरच्यांनी मला गप्प बसवले असते. पण त्या वाक्याने काय केले आहे ते ऐकावे. मी माझ्या मुलीला जागा बदल म्हणून सांगितले तर ती हसते. त्यात तिचीही चूक नाही. मी दिसेल त्या कठड्याला हात लावून नावे ठेवणारा माणूस आहे. जिन्यापासून बसथांब्याच्या छपरापर्यंत सगळे काही पडणार असे मी तिच्या लहानपणापासून सांगत आलो, आणि अजून काही पडलेले नाही. तिला हा माझा नेहमीचा सूर वाटतो. ती म्हणते, "बाबा, अहवालात स्वच्छ लिहिलंय, बाक मुळातलाच आहे. आणि अख्ख्या ऑफिसला मी सांगून बसलेय की हे माझ्या बाबांनी बनवलंय. आता मीच घाबरून उठले तर लोक काय म्हणतील तुम्हाला?"

म्हणजे आपल्या सहीने ती तिथे बसली आहे, आणि माझ्या नावाने.

मी घरात हा विषय काढू शकत नाही. तिच्या आईने सक्त ताकीद दिली आहे की जेवताना रॅकचे नाव निघाले तर ती ताटावरून उठेल, आणि ती खरेच उठते. कार्यालयात मी खिडकीवर बोलू शकत नाही. तिथे मुलीचा नियम आहे, "इथे तुम्ही अर्जदार, मी लिपिक. जे काय असेल ते लेखी द्या." नियमाला धरून वागणारी मुलगी मीच वाढवली, त्याची फळे भोगतो आहे. माझ्याकडे बोलायला अर्जाशिवाय दुसरी जागा उरलेली नाही.

८. काल मी आधीच्या अर्जाचे काय झाले ते विचारायला खिडकीवर आलो होतो. बाजारातल्या धाडीत जप्त झालेली नवी वजने कोणीतरी त्याच फळीवर आणून रचली आहेत. त्यांच्या शेजारी निकाली निघालेल्या अर्जांचे गठ्ठे आहेत, त्यांत माझेही आहेत. म्हणजे मी जितके अर्ज करतो तितका तिच्या डोक्यावरचा भार वाढतो, ही गोष्ट मला काल रांगेत उभे असताना कळली. उजव्या खांबाकडचे बोल्टाचे भोक गोल होते, ते लांबट झाले आहे. पुढची कड लहरली आहे. हे मी दुरून पाहिले, पण मला जवळ जायची गरज नाही. ती खाली मान घालून कोणाच्या तरी अर्जावर शिक्का मारत होती.

९. तरी विनंती की :

(अ) अहवालातले ते वाक्य काढून त्या जागी एकच वाक्य घालावे, की सध्याच्या स्थितीतले रॅक अर्जदाराच्या रचनेप्रमाणे नाही. रॅक दुरुस्त करू नका, माझ्या फळ्या घेऊ नका, समिती नेमू नका. एवढे वाक्य घातले तर ती स्वतःहून उठेल.

(आ) हे जमत नसल्यास मला आपल्या आस्थापनेवर 'आधार' या पदावर नेमावे. कामाच्या वेळात मी त्या फळीखाली दोन्ही हात वर करून उभा राहीन. वेतन नको, रजा नको. माझी उंची फळीला पुरते, हे मी काल नजरेने मोजले आहे. माझा रक्तदाब लक्षात घेता दुपारनंतर मला बाक आल्यास तो मात्र मूळ रचनेचाच भाग समजावा.

(इ) हेही जमत नसल्यास, विहित नमुन्यातला जो अर्ज दुर्घटनेनंतर करायचा आहे, तो आपण आताच स्वतःच्या हाताने भरून ठेवावा. मयताच्या रकान्यात माझ्या मुलीचे नाव लिहून पाहावे. लिहिता आले, तर माझे काही म्हणणे नाही.

आपला, आता जेवढा उरला आहे तेवढा नम्र,

(सही)
अर्जदार, पत्राकाम कारखानदार
दिनांक : आज, खिडकी उघडताच

सोबत : १. आधीच्या अर्जांच्या प्रती. मूळ अर्ज फळीवर आहेत, ते काढायला जाऊ नये.
२. फळीखालची कापून टाकलेली पट्टी, आपल्या भंगारातून मिळालेली, कापडात गुंडाळून.

ता. क. : हा मजकूर नियंत्रक साहेबांसाठी नाही, आवक लिपिकासाठी आहे. अर्ज हातात आला की तू शेवटचे पान आधी उघडतेस, सही आहे का आणि सोबतची कागदपत्रे आहेत का ते पाहतेस. म्हणून इथे लिहितो आहे.

चिमे, तुझ्या डोक्यावर आहे ते माझं काम नाही. एकेकाळी होतं, आता नाही. मी नेहमी कुरकुर करतो तशातलं हे नाही. मी बनवलेलं असतं तर मी तुला तिथे झोपूही दिलं असतं. लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत. मी खिडकीसमोरच उभा आहे, मान वर केलीस तर दिसेन. शिक्का नंतर मार. आधी ऊठ.