पांढऱ्या मांजरीचे कान काळे पडल्याबद्दल

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब,
जिल्हा परभणी, यांचे सेवेशी

अर्जदार : सिद्रामप्पा, चौकीदार, सरकारी मुसाफिर बंगला, गंगाखेड

विषय : हुजुरांची सयामी मांजर बदलल्याचा आरोप रद्द होऊन ती थंडी सरेपर्यंत फिदवीकडे (अर्जदाराकडे) राहू देण्याबाबत.

संदर्भ : चपराशामार्फत मिळालेला तोंडी हुकूम.

महोदय,

उर्दू लिहिता येत नसल्याने मराठीत अर्ज करतो, माफी असावी.

दसऱ्यानंतरच्या दौऱ्यात हुजुरांचा मुक्काम येथे असता बेगमसाहिबांचे सयामी जातीचे पिल्लू आजारी पडले. बरे होताच परभणीस पोचते करावे, असे सांगून ते फिदवीच्या हवाली करण्यात आले. तेव्हा ते कापसासारखे पांढरे होते, कानांच्या कडा तेवढ्या मळकट. फिदवीची बायको नीलम्मा हिने बोळ्याने दूध पाजून ते जगवले.

परवा आपला चपराशी न्यायला आला. मांजरीचे कान, तोंड, पंजे व शेपूट कोळशासारखे काळे पाहून तो म्हणाला, "साहेबांचं मांजर विकून हे कुठलं उचललंस? आता तूच घेऊन ये अन् तूच जबाब दे."

मांजर तीच आहे. डोळे तसेच निळे आहेत. बैलांच्या तपासणीस आलेल्या सलोत्री (जनावरांचे डॉक्टर) साहेबांनी तिला पाहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की, ही जात जन्मतः पांढरी असते. अंगाचा जो भाग गार राहतो तिथली लव पुढे काळी पडत जाते, थंडीत जास्तच. हुजुरांनी त्यांच्याकडे खात्री करावी.

खुलासा इथे संपायला हवा होता. परंतु हुजुरांपासून लपवणे बरे नव्हे.

आमची एकुलती मुलगी महादेवी गेल्या वर्षी चुलीपाशी परकर पेटून वारली. तिचे तोंड, कान, हात आणि पाय काळे पडले होते. आमच्यात प्रेत जाळत नाहीत, समाधी देतात. तशी तिला दिली.

मांजरीचे कान काळवंडू लागले तेव्हा नीलम्माने ते ओल्या फडक्याने पुसून पाहिले. पंजे काळवंडले तेव्हा त्यांना लोणी लावू लागली. शेजारच्या धुरपताबाई म्हणाल्या, "खूण बरी न्हाई, गंगेपल्याड सोडून द्या." तेव्हापासून नीलम्मा दाराला आतून कडी घालते. म्हणून फिदवीने सलोत्री साहेबांचे बोलणे तिला नीट समजावून सांगितले, की हे भुताखेताचे नाही, गारव्याने काळे पडते. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हंजे लेकराला तिथं गार लागायलंय."



दुसऱ्या दिवशी तिने घरातली वाकळ नेऊन समाधीवर पांघरली. लोकांनी ती आणून बंगल्याच्या फाटकात टाकली. तिने पुन्हा नेली. हे रोजचेच झाले आहे.

काल हुकमाप्रमाणे फिदवी मांजर टोपलीत घालू लागला, तेव्हा तिचे पंजे हातात आले. नदीतल्या दगडासारखे गार होते. फिदवीने टोपली खाली ठेवली. फाटकात वाकळ पडलेली होती. काल ती फिदवी स्वतः समाधीवर घालून आला.

तरी अर्ज की, मांजर थंडी सरेपर्यंत आमच्या घरी राहू द्यावी. त्यापायी नोकरी काढून घेणे झाल्यास तक्रार नाही. मात्र समाधीवरची वाकळ कोणी उचलू नये, असा लेखी हुकूम येथील पाटलास व्हावा. सध्या गंगेवरून वारा फार गार येतो.

हुकमाच्या प्रतीक्षेत, आपला नम्र फिदवी,
सिद्रामप्पा
गंगाखेड, १२ बहमन १३५० फसली