वडोदऱ्याची मुलाखत

लिंबायत, सुरत

प्रिय पल्लवी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. परवा फोनवर तासभर बोललो आणि जे बोलायचं होतं तेच राहिलं. तू हसतेस, मी विषय बदलते, आणि फोन संपतो. म्हणून हे पत्र.

आधी बातमी. मी आफ्रिकेला जातेय! बोत्स्वानाला, दोन वर्षांसाठी. कतारगामच्या आमच्या हिऱ्याच्या कारखान्याने तिथे शाखा काढली आहे, आणि तिथल्या मुलींना प्लॅनिंग शिकवायला मला पाठवताहेत. तू नेहमी विचारतेस, मी नक्की काय करते? कच्चा हिरा मशीनमध्ये ठेवला की तो पडद्यावर दिसतो, आतल्या डाग-चिरांसकट. कुठे कापला तर कमी वाया जाईल, एकच मोठा काढायचा की दोन लहान, ते मी ठरवते. मशीन चार-पाच मार्ग सुचवतं, पण शेवटी माणसालाच बघावं लागतं. आठ वर्षांपूर्वी मी तिथे नुसते आकडे टाइप करायला लागले होते. एकदा मशीनने सुचवलेला काप मला पटेना, म्हणून वहीत आकृती काढून आमचे मॅनेजर भूपेंद्रभाई यांना दाखवली. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली. "बेन, आ क्यां शीख्या?" मी म्हटलं, बीएस्सीला, गणित होतं. "तो पछी अहीं टाइपिंग शुं काम करो छो?" मग इथे टायपिंग कशाला, म्हणे. दुसऱ्या दिवशी मी प्लॅनिंगच्या टेबलावर होते.

आईने बातमी ऐकली आणि पहिलं काय विचारलं असेल? "तठे भाकर भेटी का?" बाबा मात्र मोबाइलवर नकाशा मोठा करकरून बघतात आणि गल्लीत ज्याला-त्याला दाखवतात. आमच्या नवरोबाला, लखनला, पलसाण्याच्या डाइंग मिलमधून रजा मिळणं कठीण, पण डिसेंबरात महिनाभर येणार म्हणतो. त्याचा पासपोर्टचा फोटो इतका रागीट आलाय की मी तो फ्रिजवर लावलाय.

मागच्या महिन्यात तिथल्या मॅनेजरबाईंनी व्हिडिओवर माझी मुलाखत घेतली. इंग्रजीत. पहिल्याच प्रश्नाला अडखळले आणि सरळ सांगून टाकलं, माझं इंग्रजी सावकाश चालतं. त्या म्हणाल्या, चालेल, आमच्या मुलींचंही तसंच आहे, तुम्ही सावकाशच शिकवा. मग त्यांनी एक हिरा दाखवला, आणि पल्ले, मी पाऊण तास बोलत होते! संपल्यावर जेवणाचा डबा घेऊन गच्चीवर गेले आणि एकटीच रडले. आनंद होताच, पण नुसता आनंद नव्हता.

त्यात परवा तू जिनिव्हाच्या नोकरीचं सांगितलंस. औषधांच्या चाचण्यांचं एवढं मोठं काम, सगळं गणित तुझ्या हाताखाली, आणि तू म्हणतेस की त्यांना 'नाही' कळवावंसं वाटतं, कारण "सोने, मी अजून तुझ्याच जागेवर बसलेय." बारा वर्षं तू हेच म्हणतेयस. इंग्लंडला लीड्सच्या शिष्यवृत्तीची एकच जागा होती. वडोदऱ्याला माझी मुलाखत सोमवारी, तुझी मंगळवारी. निकाल लागला तेव्हा तू आमच्या दारात उभी राहून रडलीस, म्हणालीस, गणित तुझं चांगलं आणि जागा मला कशी? मी "असू दे" म्हटलं. नंतर दरवर्षी तू पुस्तकं पाठवलीस, नोकऱ्यांचे फॉर्म पाठवलेस, आणि मी सगळं घेत राहिले.

पल्लवी, मी त्या मुलाखतीला गेलेच नव्हते.

गाडीत माझ्यासमोर एक मुलगी बसली होती, त्याच मुलाखतीला निघालेली. फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत सराव करत होती, फडाफडा. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. गणित येत होतं, पण ते त्या भाषेत तोंडातून निघेल असं वाटेना. भरूच स्टेशनवर पाणी घ्यायला म्हणून उतरले. गाडी सुटली, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पण ती सुटण्याआधी चांगली चार मिनिटं उभी होती, आणि मी नळाजवळ भरलेली बाटली घेऊन तिच्याकडे बघत उभी होते. मग बाकावर बसून खाऱ्या शेंगा खाल्ल्या आणि दुपारच्या गाडीने परत आले. घरी सांगितलं, प्रश्न अवघड होते. तुलाही तेच सांगितलं. खरं सांगायची लाज वाटली. नंतर तू मला मोठ्या मनाची समजू लागलीस, आणि ते मला आवडू लागलं, हे त्याहून वाईट.

मागच्या आठवड्यात लखनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? जिच्या डोक्यावर बारा वर्षं हे ओझं ठेवलंस, तिला सांग." म्हणून लिहितेय. तू कुणाचीही जागा घेतली नाहीस. त्या खोलीत जाऊन बसायचं धाडस तू केलंस, मी केलं नाही, एवढंच खरं आहे. मी आता मजेत आहे, माझं काम मला मनापासून आवडतं, माझ्यासाठी वाईट वाटून घेण्यासारखं काही उरलेलं नाही. माझा राग आला तर येऊ दे. हक्क आहे तुझा, महिनाभर बोलू नकोस. पण आधी जिनिव्हाला हो कळव, मग रागव.

तुझीच,
सोनाली