घासभर प्रभुभोजन

पोंभुर्णा,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय रोशनीबाईस,
धाकट्या भावाचा, लोकेशचा, प्रभूमध्ये सलाम.

इकडे धान कापून झालं. तुझ्या शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही तुझ्यासारखी दिवसभर ओरडतात. फोन केला की भाऊजीच उचलतात, म्हणून भद्रावतीला तुझ्याकडे निघालेल्या शेजारच्या साधनाच्या हाती ही चिठ्ठी पाठवतोय. वाचून चुलीत टाक.

प्रफुल बरा आहे, असं लिहिणार होतो. नाही बरा. घशाचा कॅन्सर आता पाणीही नीट उतरू देत नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ तुला कळतो. भिजवलेला कणभर तुकडा मी बोटानं जिभेवर ठेवला तरच गिळतो. दुसऱ्या कुणी भरवलं की ठसका लागतो.

त्याला जाण्याआधी प्रभुभोजन हवंय, पाळकानं प्रार्थना केलेल्या पोळीचा एक घास. बाकी काही मागत नाही. भाऊजींचा निरोप आला, लोकेश त्या घरातून निघाला तरच मी येईन, चर्चचा पाळक होऊन पापावर पांघरूण घालणार नाही. बाई, मी निघालो तर त्याला भरवायचं कुणी?

ह्याच भाऊजींनी त्याला गावच्या तलावात बाप्तिस्मा दिला. त्याचा बाप त्याच तलावात जाळं टाकतो. त्या दिवसापासून बापानं पोराचं तोंड पाहिलं नाही. आता चर्चच्या मंडळीनंही दार लावलं, तर त्यानं जायचं कुठं?

मी प्रफुलला सांगितलंय, भाऊजींना ताप आहे. काल म्हणाला, "एवढा ताप? भाऊजी मायाआधीच जातेत का काय!" हसला. मग हळूच विचारलं, "लोकेश, प्रभूनंच मले टाकून देलं का गा?" मी अंगणात जाऊन रडलो.

तू लोकांना सांगतेस, प्रफुल लोकेशचा शेतीतला भागीदार. तसं नाही, हे तुला ठाऊक आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे, तुझं भाऊजींवर आहे तसंच. लिहून टाकलं एकदाचं.

मंडळीत मोडतात ती पोळी तूच लाटतेस. रविवारी भाऊजींनी तिच्यावर प्रार्थना केली की नखाएवढा तुकडा पदराला बांध आणि भद्रावतीहून मिळेल त्या एसटीनं ये. ही चोरी आहे, मला कळतं. दुसरा मार्ग सुचत नाही.

नाही आलीस तर मी घरचीच पोळी मोडीन आणि भाऊजींनी पाठवली म्हणून सांगेन. तो विश्वास ठेवील. शेवटचा घास त्याला खोटा भरवायला लावू नकोस गं मला.

दाराला कडी लावणार नाही.

तुझा, आणि प्रफुलचा,
लोकेश