फाटकाशी काढलेल्या चपला

प्रिय सीमा,

तीन डॉक्टर आहेत, तीन, अन् एकालेही माहीत नाही की दुसऱ्यानं काय सांगितलं! इकडं तुझ्या दादाचा पाय सडून राहिला. हाडवाला म्हणतो, रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. छातीवाला म्हणतो, बंद केली तर जबाबदारी तुमची. किडनीवाल्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, रिपोर्ट पाहिला अन् म्हणाला, या पेशंटले दुखण्याची गोळी कोण्या शहाण्यानं दिली? आता मी काय सांगू, वरच्या माळ्यावरच्या शहाण्यानं दिली म्हणून? एकाच इमारतीत बसतात हे लोक. मधात फक्त एक जिना आहे. तो चढायचं-उतरायचं काम माझं, याचं त्याले सांगायचं काम माझं, अन् चौथी शिकलेल्या बाईनं निरोप चुकवला की खेकसायचं काम त्यांचं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिले. आईंच्या तेरवीले तू चारचौघात म्हणालीस, वहिनीले काय समजते दवाखान्यातलं. ते मी विसरले नाही, अन् विसरणारही नाही. नर्स तू आहेस, मी नाही. पण अकोल्याच्या या दवाखान्यात तुझ्या दादाजवळ मी बसली आहे, तू नाही.

शुगर त्यांले आहे हे तुले माहीत आहे. पाय कसा गेला ते नाही. वैशाखात गोळ्या आणाले आम्ही पातूरच्या डॉक्टरकडं गेलो. रांग दाराच्या बाहेर, ओट्याच्या बाहेर, पार उन्हातल्या फरशीवर आलेली. दारावर पाटी, चपला बाहेर काढा. बाकीचे लोक दारापाशी पोचल्यावर काढत होते. तुझे दादा तुले माहीत आहेत, डॉक्टर दिसायच्या आधीच हात जोडणारे. त्यांनी फाटकाशीच चपला काढल्या. मी म्हटलं, अहो, पाय भाजतील. म्हणाले, काही लागत नाही. खरंच लागत नव्हतं. बायका चपला घालूनसुद्धा या पायावरून त्या पायावर होत होत्या, अन् हे खांबासारखे उभे. मले वाटलं, काय सोसणारा माणूस आहे! पायाची जाणच गेली होती, सीमा. अशी जाते हे आम्हाले कोणी सांगितलं होतं? इतकी वर्षं तो डॉक्टर टेबलाच्या पलीकडून गोळ्या लिहीत आला. टेबलाखाली माणसाले पाय असतात, हे त्यानं एकदाही वाकून पाहिलं नाही. त्या दिवशीही नाही. शुगर चांगली आहे म्हणाला. घरी आल्यावर तळव्याची कातडी मोज्यासारखी सुटून आली.

मग सुरू झाल्या येरझारा. ड्रेसिंगवाला जखम पाहे, शुगर नाही पाहे. शुगरवाला म्हणे, जखमेचं तिकडं दाखवा. एक बोट काळं पडलं, मग दुसरं. घरात वास सुटला तशा मी उदबत्त्या वाढवल्या, अन् बाहेर डॉक्टर वाढले. प्रत्येक जण नवीन रक्त काढते, आधीचा कागद बाजूले सारते अन् पहिल्यापासून विचारते, काय होते बाबा? ते बिचारे पहिल्यापासून सांगतात. आता सांगायचंही सोडलं, माझ्याकडं बोट दाखवतात. बाजूच्या खाटेजवळची दुर्गाबाई हसत म्हणते, बाई, तुमचा माणूस एकच हाय, पण दवाखान्याले तीन दिसते. तिचाही माणूस तसाच तीन जागी वाटला आहे, म्हणून तिले हसता येते.

कुलदीप सुरतेहून रोज फोन करतो. आई, डॉक्टर म्हणतील तसं कर. कोणता डॉक्टर, ते मात्र तो सांगत नाही. बापासारखाच, लांबूनच हात जोडतो.

आता कामाचं सांगते. शनिवारी सकाळी तुझ्या दादाचा पाय गुडघ्याच्या वरून कापणार आहेत. हाडवाल्या डॉक्टरनं मले व्हरांड्यात, चालता चालता सांगितलं अन् सही घेतली. म्हणाला, पेशंटले सध्या बोलू नका, घाबरून प्रेशर वाढेल. कुलदीपही तेच म्हणतो, भेटायले येणारेही तेच म्हणतात. मी त्यांले सांगितलं, शनिवारी बोटं साफ करणार आहेत. ते मले रोज विचारतात, सोयाबीन काढायच्या वेळेले मी वावरात हिंडता होईन ना? मी म्हणते, हो. पाय त्यांचा, अन् साऱ्या वॉर्डात त्यांले सोडून साऱ्यांले माहीत आहे, चादरी बदलणाऱ्या पोरीलेसुद्धा. बाबा, तुमचं काय म्हणणं आहे, असं एकानंही विचारलं नाही. मी सांगायले बसले की मलेच रडू येते अन् ते माझंच सांत्वन करत बसतात. तू ये. तू अमरावतीत रोज असे पाय पाहतेस, तुझ्या तोंडून ते ऐकतील. त्या तिघांचीही भाषा तुले येते, त्यांले एका टेबलाशी बसव अन् गोळीचं काय ते एकदा ठरवून घे. मग तुझ्या दादाले खरं सांग अन् विचार. हो म्हणाले तर कापू. नाही म्हणाले तर घरी नेईन, काय होईल ते मले माहीत आहे, अन् त्यांलेही तू सांगशील. माझ्यावरचा राग नंतर काढ, मी कुठं पळून नाही जात. ही चिठ्ठी अमोलच्या हाती देऊन राहिले, तो अमरावतीच्या एसटीवर कंडक्टर आहे. गुरुवारी तो परत येतो. त्याच्याच गाडीत ये, नाहीतर येत नाही म्हणून दोन ओळी लिहून त्याच्याजवळ दे. गुरुवारनंतर तुझा जबाब मले नको. शनिवारी शुद्धीवर आल्यावर ते चादर उचलून पाहतील. त्याच्या आधी त्यांले कळलं पाहिजे, सीमा. बोल, येतेस का नाही?

तुझीच, राग धरून असलेली,
रुख्मिणी वहिनी